बुडाशी लाल

९ मार्च

मी माझ्या हातांनी केलेल्या वस्तू, मागच्या दारापासून पुढच्या दारापर्यंत, अशा:

मागचं दार, चौकटीसकट. मोरीचा उतार, ज्यावर पाण्याचा थेंब थांबत नाही. स्वयंपाकघरातली सात फडताळं. जिन्याचा कठडा. तुझ्या खोलीची खिडकी, मुद्दाम उत्तरेला काढलेली, कारण शिवणाऱ्याला उत्तरेचा उजेड लागतो. तुझ्या मशिनचं टेबल, ज्याचा खण गुडघ्याला लागत नाही. एक बारीक काटा, केसाचं वजन दाखवणारा (केस तुझाच होता, पांढरा). पत्र्याचे नऊ डबे, सगळे एका मापाचे, इतके की कोणतंही झाकण कोणत्याही डब्याला बसतं. पाखरांना दाणे टाकायचा कट्टा. आणि मागच्या अंगणातल्या आठ बाय बाराच्या वाफ्यात अकरा वर्षं निवडून निवडून आणलेलं तांब्याच्या रंगाच्या कणसांचं शोभेचं गवत, जे बाजारात कुठे मिळत नाही.

यातलं काही मला कुणी शिकवलेलं नाही. शाळा आठवीत सोडली हे तुला माहीत आहे. वजनकाट्यांची दुरुस्ती मी भंगारातले काटे खोलून शिकलो आणि आज तीन बाजारपेठांतले व्यापारी माझ्या शिक्क्याशिवाय काटा वापरत नाहीत.

ताई, हे सगळं तुला माहीत असलेलंच पुन्हा का लिहितोय? तर तू जाताना पायरीवर म्हणालीस, ''तुला फक्त वस्तू करता येतात.'' सात महिने ते वाक्य डोक्यात फिरतंय. वस्तू करता येतात हा काय दोष झाला?

फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद.

त्या दिवशी मी जे बोललो ते मला योग्य वाटलं म्हणून बोललो. बियाणेवाल्याला मी स्वतः बोलावलं होतं. तो लांबून आला होता, दुकानाचं छापील पुस्तक घेऊन. मी त्याला रस्ताभर सांगत आणलं, की या गवताचं आयुष्य एका वर्षाचं, दर वर्षी बी धरायचं, दर वर्षी पेरायचं, आणि रोप बोटभर झालं की त्याच्या बुडाशी बघायचं. लाल असेल तर पुढे कणीस तांबूस येणार. हिरवं असेल तर ते साधं गवत, उपटायचं. चारशे ऐंशी रोपांत वीस-पंचवीस हिरवी निघतात. हे सगळं सांगत मी त्याला मागच्या दारातून बाहेर नेलं, तर वाफा रिकामा. साफ. आणि तू पायरीवर बसून हात धूत होतीस. म्हणालीस, ''अरे, एकालाही बुडाशी लाल नव्हतं. सगळी हिरवी. काढून टाकली.''

चारशे ऐंशीच्या चारशे ऐंशी हिरवी? तूच सांग, कुठला माणूस विश्वास ठेवेल? मग मी म्हणालो, ''ताई, तुझे डोळे गेलेत.'' आणि म्हणालो, की टाके वाकडे पडतात तेही लोक तुला तोंडावर सांगत नाहीत. परक्या माणसासमोर बोलायला नको होतं, एवढं मी मानतो. पण चूक ती चूक.

तिसऱ्या दिवशी तू मशीन सोडून गेलीस. ''विकून टाक, आंधळ्याला कशाला मशीन.'' विकलेलं नाही. तेल घालतो. कळलं, की तू मावसबहिणीकडे राहतेस आणि एका वसतिगृहात चादरी मोजायला जातेस. चाळीस वर्षं कापड बेतून शिवलेल्या बाईनं चादरी मोजायच्या? हे मला पटलेलं नाही.

पाखरांचं मी बघतो. रोज सकाळी त्यांच्या डब्यातली मूठ कट्ट्यावर. तू टाकायचीस तेवढीच, जास्त नाही, कमी नाही. एकोणीस ग्रॅम.

तुझा,
धाकटा


२१ मार्च

ताई,

पत्र परत आलं. पाकिटाच्या मागे तुझं अक्षर: ''डोळे गेलेल्या माणसाला पत्रं पाठवू नयेत. आणि शाई बदल. दोन ठिकाणी फुटली आहे.''

मी बघितलं, मला काही फुटलेलं दिसलं नाही. मग भिंग घेतलं. फुटली आहे खरी. 'कठडा'वर आणि 'चादरी'वर, टाचणीच्या टोकाएवढी. वाचून घेतलं असशील कुणाकडून तरी. मावसबहिणीचा चष्मा लागला असेल तुला.

हे पत्र मोठ्या अक्षरात लिहितोय. त्यामुळे कागद जास्त लागतोय, तर टपालाला वजन जास्त. मी ते घरीच करून बघतो, खिडकीतल्या माणसाच्या काट्यावर माझा विश्वास नाही. तो चार ग्रॅम पुढे आहे. त्याला सांगितलं तर म्हणाला, ''काका, तुम्ही मागच्या पत्राच्या वेळीही हेच म्हणालात.'' म्हणालो, मागच्या वेळीही चारच ग्रॅम पुढे होता.

घरी मन लागत नाही. कामावरून आलो की हातोडी घेऊन फिरतो. फडताळाच्या एका दाराचा आवाज येत होता, तो बंद केला, तर आता घरात कसलाच आवाज नाही. कट्ट्याचा एक पाय खचत होता म्हणून त्याच्याखालची फरशी उचलली, माती उकरली, पाया बारा इंच खाली नेला. फरशी अजून बसवलेली नाही. हे असं अर्धवट काम मी कधी ठेवत नाही.

चष्मेवाल्यानं रस्त्यात अडवलं. ''ताईंचा चष्मा तयार होऊन किती दिवस झाले! न्यायला कुणी येईना.'' मी म्हटलं, ताई गावाला गेली आहे. तो काहीतरी सांगायला लागला होता, पण मला घाई होती.

घाई नव्हती. आपलं लिहून टाकलं.

या वर्षी वाफा पेरावासा वाटत नाही. बी आहे, 'निवड' लिहिलेल्या डब्यात अर्ध्याहून अधिक. पण हात जात नाही.

धाकटा


११ एप्रिल

ताई,

थोडक्यात लिहितो.

मागच्या वर्षी तू जी रोपं उपटलीस, ती बोटभर होती की त्याहून मोठी? उन्हात बघितलीस की सावलीत? बुडाशी म्हणजे नेमकं कुठे बघितलंस, मातीच्या वर की माती सारून? आणि एकालाही नव्हतं म्हणतेस ते खरोखर एकालाही, की बोलण्याच्या ओघात?

सहज विचारतोय. बाकी काही नाही.

कट्ट्याखाली, जिथली फरशी काढली होती तिथे, पाखरांनी सांडलेले दाणे उगवलेत. दाट. बोटभर झालेत. फरशी बसवायची होती, ती अजून बसवलेली नाही.

पाखरांना दाणे टाकायचं चार दिवसांपासून बंद केलंय. कारण काही नाही. कट्ट्यावर बसून ती माझ्याकडे बघतात, विशेषतः तो एका पायानं लंगडणारा, ज्याला तू साहेब म्हणायचीस. दुकानातून तांदळाची कणी आणून टाकली. साहेबांनी चोच लावली नाही.

उत्तर लवकर दे. चार ओळी पुरेत.

धाकटा


२६ एप्रिल

ताई,

तुझं कार्ड मिळालं. ''उन्हात. माती सारून. चारशे ऐंशी, मोजून. एकालाही नव्हतं. सहज विचारायला तू कधी शिकलास?''

ते कार्ड खिशात घालून दोन दिवस कामाला गेलो. किराणावाल्याचा मोठा काटा खोलला होता, त्याचा सुटा स्क्रू कार्डाबरोबर खिशात राहिला आणि काटा तसाच जोडला गेला. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातून काटा परत आला.

तर असं आहे. कट्ट्याखाली उगवलेल्या रोपांना बुडाशी लाल आहे.

जवळजवळ सगळ्यांना. मी गुडघ्यावर बसून, माती सारून, एकेक बघितलं. दोनशे सहा रोपं मोजली, त्यात हिरवी नऊ.

आता तू हुशार आहेस, मी पुढचं न लिहिताही तुला कळेल. पण लिहितो. दोन डबे होते. एकावर 'निवड', त्यात तांबूस कणसांचं बी. दुसऱ्यावर 'पाखरं', त्यात तू भिंतीकडेला लावायचीस त्या हिरव्या रोपांचं बी. उपटलेलं रोपसुद्धा फेकवत नव्हतं तुला, ''जीव आहे त्यात, पाखरं खातील'' म्हणून लावायचीस, त्यांचंच. बी दोन्हींचं एकसारखं. भिंगाखाली फरक नाही, काट्यावर फरक नाही, हजार दाण्यांचं वजन दोन्हींचं दोन पूर्णांक एक ग्रॅम. फरक फक्त झाकणावरच्या नावाचा. आणि झाकणं बदलली गेली होती.

म्हणजे मागच्या वर्षी वाफ्यात पाखरांचं बी पडलं. म्हणून सगळी हिरवी. आणि तेव्हापासून पाखरांना रोज सकाळी निवडीचं बी टाकलं गेलं. एकोणीस ग्रॅमप्रमाणे. अकरा वर्षांची निवड साहेबांनी आणि मंडळींनी खाल्ली. 'पाखरं' लिहिलेल्या डब्यात आता अडतीस ग्रॅम शिल्लक आहे.

झाकणं कशी बदलली गेली असावीत, याचा विचार चालू आहे.

संध्याकाळी चष्मेवाल्याकडे गेलो. या वेळी त्याला बोलू दिलं. म्हणाला, ''तुमच्या ताई भारी आहेत हो. मी म्हटलं खालची ओळ वाचा. त्यांनी ओळ वाचली, वर तक्त्याच्या कोपऱ्यात छापखान्याचं नाव असतं ना, तेही वाचलं आणि म्हणाल्या, याहून बारीक काही असेल तर काढा. शिवताना डोळे दुखतात म्हणून साधा आधाराचा चष्मा करून दिला, बाकी नजर तुमच्या-माझ्यापेक्षा बरी.''

मी विचारलं, हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?

''सांगत होतो की! तुम्हाला घाई होती.''

चष्मा आणलाय. काळ्या कापडात गुंडाळून तुझ्या मशिनवर ठेवलाय.

राहिलेलं बी पावसाची वाट न बघता पेरलं. कट्ट्याखालची रोपंही उचलून वाफ्यात लावली. एकूण चारशे ऐंशीच होतील असं बघितलं.

धाकटा


१९ जुलै

ताई,

एप्रिलमधलं पत्र मी टाकलं नाही. लिहून, घडी घालून, तिकीट लावून ठेवलं. रोज कामाला जाताना उचलतो आणि पेटीपाशी गेलो की वाटतं, अजून नीट लिहिलं पाहिजे. तू कार्ड टाकलंस त्याला तीन महिने झाले. तू म्हणत असशील, विचारून घेतलं आणि गप्प बसला.

वाफा भरलाय. तू दर वर्षी म्हणायचीस, बाबांची मिशी आली. आलीय. वीत-वीतभर लांब, टोकाशी वाकलेली, सकाळच्या उन्हात अगदी तंबाखूचा रंग. वारा नसला तरी कणसं हलतात. मला ते हलणं बघवत नाही हल्ली, मी खुर्ची वाफ्याकडे पाठ करून ठेवतो, मग पाठीमागे काय चाललंय म्हणून पुन्हा वळून बघतो.

कोपऱ्यावरची फुलवाली दहा जुड्या घेऊन गेली. वाळवून फुलदाणीत ठेवायला गिऱ्हाईक मागतं म्हणाली. तिनंच कुणाला तरी दाखवलं असणार, कारण गेल्या मंगळवारी बियाणेवाला पुन्हा दारात उभा. तोच. तेच छापील पुस्तक बगलेत.

वाफ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. कणीस हातात धरून शिंपी कापड बघतो तसं बघितलं. मग म्हणाला, ''मालक, मागच्या वर्षी माझी फेरी फुकट गेली होती. आता आकडा बोलतो.''

बोलला. मी पाणी प्यायला आत गेलो.

अट अशी: सगळं बी त्याचं. उभं पीक त्याचं. मी पुन्हा लावायचं नाही, कुणाला चिमूटभर द्यायचंही नाही. आणि एका कागदावर सही, की हे गवत मी एकट्यानं तयार केलं, दुसऱ्या कुणाचा त्यात हात नाही. त्याच्या पुस्तकात रंगीत पान आणि खाली माझं नाव.

माझं नाव छापून येणार, ताई. आठवीत शाळा सोडलेल्याचं.

तू हसशील, पण मी कागद तीनदा वाचला तो नावासाठी. पैशातून लेथ येईल हे नंतर सुचलं. चांगला लेथ, नवा, दुसऱ्याचा वापरलेला नव्हे. शिवाय तुझ्या खोलीवरचं छतही.

त्याला मी म्हटलं, पंधरा दिवस द्या. तो म्हणाला, ''अहो, तुम्ही एकटेच तर आहात, विचारायचं कुणाला?''

कागद टेबलावर आहे. त्यावर वजन म्हणून अर्ध्या किलोचं माप ठेवलंय. झोप येत नाही असं नाही, येते. पण सकाळी उठल्यावर पहिल्यांदा ते मापच दिसतं.

धाकटा


३ ऑगस्ट

ताई,

आज कामाला गेलो नाही. सकाळपासून तीन वेळा सुरुवात केली आणि फाडलं. चौथ्यांदा उभ्यानंच लिहितोय, फडताळावर कागद ठेवून, कारण बसलो की उठावंसं वाटतं.

झाकणं मी बदलली. बदलली गेली नाहीत. मागच्या वर्षी जुलैत एका रविवारी मी नऊही डबे धुतले, झाकणं भिंतीवर ओळीनं उन्हात लावली आणि वाळल्यावर एकेक उचलून बसवली. तू तेव्हा आत शिवत होतीस, मशिनचा आवाज येत होता. दुसरं कुणी घरात नव्हतं. एका मापाची झाकणं, कोणतंही कोणत्याही डब्याला बसतं, याचा मला एवढा अभिमान, की नाव डब्यावर लिहावं हे सुचलं नाही. बाजारातले आडमाप डबे असते तर चुकीचं झाकण बसलंच नसतं. दोन महिने मी कुणावर ढकलता येईल का ते बघत होतो. एक दिवस तर तुझ्यावर ढकलण्याचं वाक्यही जुळवलं होतं. तेही तुला सांगून टाकतो.

आणखी एक. त्या दिवशी तू रोपं फेकली नव्हतीस. ओल्या पोत्यात गुंडाळून पायरीवर ठेवली होतीस, भिंतीकडेला लावायला. मी ओरडत होतो तेव्हा तू पोतं पुढे केलंस आणि म्हणालीस, ''बघ तरी.'' दोनच शब्द. मी पोतं उचललं आणि उकिरड्यावर फेकलं. बघितलं नाही. जो माणूस अर्ध्या ग्रॅमसाठी काटा चार वेळा खोलतो, त्यानं एक रोप उलटं करून बघितलं नाही. कारण बियाणेवाला बघत होता आणि मला त्याच्यासमोर कमी दिसायचं नव्हतं. तू कमी दिसलीस तर मला चालणार होतं.

तुझे डोळे बरोबर होते. चारशे ऐंशीच्या चारशे ऐंशी हिरवी होती. टाके वाकडे पडतात असं मला कुणीही, कधीही सांगितलेलं नाही. ते मी तिथल्या तिथे बनवलं. हातानं केलेल्या वस्तूंच्या यादीत तेही घाल.

यादीतून मात्र एक खोडायचं आहे. गवत. तिसऱ्या वर्षी आपण दोघं वाफ्यात बसलो होतो, तू चहाचा कप मातीत ठेवला होतास आणि म्हणालीस, ''हे बघ, ज्याला बुडाशी लाली आहे ना, त्याचीच मिशी बाबांसारखी येते. हिरव्याची साधी येते. मी गेल्या वर्षीपासून बघतेय.'' मी म्हणालो होतो, काहीतरीच. मग पुढची दोन वर्षं गुपचूप खुणेच्या काड्या लावून तपासलं आणि खरं निघाल्यावर लोकांना माझा शोध म्हणून सांगितलं. तुझ्यासमोरसुद्धा. तू ऐकून घ्यायचीस आणि चहा ओतायचीस. निवडीची सगळी युक्ती तेवढीच आहे, ताई, दुसरी काही नाही. माझं फक्त मोजणं.

गेल्या पत्रात (तेही टाकलेलं नाही) मी बियाणेवाल्याचं सगळं लिहिलं नाही. 'विचारायचं कुणाला' म्हणाला तेव्हा मी त्याला म्हटलं होतं, एकट्यानं केलं असं नाही, यात माझ्या ताईचा हात आहे. तो म्हणाला, ''त्या दिसत नसलेल्या? मग त्यांची सही आणा, माझी हरकत नाही.'' आणि बाहेर पडताना, चप्पल घालता घालता, सहज, ''सही जमत नसेल तर अंगठा चालेल.''

हे मी त्याला शिकवलं होतं. मी बोललो म्हणून तो बोलला.

पंधरा दिवस मी हाच हिशेब घालत बसलो. तुला खरं लिहून कळवावं आणि बरोबर कागद पाठवावा, दोघांची नावं छापून येतील. वरवर सगळं नीट. पण तू पाकीट उघडणार, आधी कागद काढणार आणि म्हणणार, अच्छा, सहीसाठी डोळे परत दिले होय! मी कितीही मोठ्या अक्षरात लिहिलं तरी तुला तेच दिसणार, आणि तुझी नजर चांगली आहे. शिवाय सही करून दिलीस तर वाफा कायमचा रिकामा. मग कशाच्या बुडाशी बघणार होतीस?

काल तो आला. फुलवालीही बरोबर होती, मध्यस्थी करायला. मी दोघांना पायरीवरच बसवलं, तू बसली होतीस त्याच पायरीवर. म्हटलं, आधी एक ऐका, मागच्या वर्षी माझ्या ताईनं उपटलं ते बरोबर उपटलं होतं, चुकीचं बी मी पेरलं होतं, आणि तिचे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत. बियाणेवाला म्हणाला, ''बरं, बरं, ते घरचं तुमचं. कागदाचं बोला.'' फुलवाली मात्र म्हणाली, ''मग काका, मी गेल्या वर्षी पडद्यांचं शिवायला आणलं ते परत का नेलं मी? तुम्हीच म्हणालात ना, ताईला आता जमत नाही?'' म्हणालो होतो. तू गेल्याच्या आठवड्यात. ती पडदे तसेच ठेवून बसली आहे. म्हणते, त्या येणार असतील तर थांबते, नाहीतर सांगा. मी म्हटलं, येणार की नाही ते मला ठाऊक नाही, आणि विचारायचा हक्कही सध्या माझ्याकडे नाही.

तर पाकिटात टाकायची राहिलेली सगळी पत्रं आहेत, तू परत पाठवलेलंसुद्धा, तारखांप्रमाणे. एकही शब्द बदललेला नाही. कुठे कुठे लपवलंय ते तुला दिसेलच. बरोबरच्या डबीत तुझा चष्मा. तीन कणसं, वाळवून, मुडपणार नाहीत अशी बांधून. आणि पुडीत बी आहे, अठरा ग्रॅम, या वर्षीच्या पहिल्या पिकलेल्या कणसांचं. मावसबहिणीच्या दारात कुंडी असेल तर पेर, नसेल तर ठेव, वर्षभर टिकतं. पुडीवर नाव लिहिलंय. पुडीवरच.

डब्यांवर आता खिळ्यानं कोरून नावं घातली आहेत, पोटावर. झाकणं अजूनही एकमेकांना बसतात, ते काही मी बदलू शकत नाही. पाखरांना त्यांचंच बी मिळतं, भिंतीकडेची हिरवी रोपं या वेळी मी लावली होती. साहेब आले. मूठ टाकली की आधी माझ्या हाताकडे बघतात.

तुझ्या खोलीची खिडकी रोज उघडतो. मशिनमध्ये पांढरा दोरा तू ओवला होतास तसाच आहे. मी काढून पुन्हा ओवून बघितला, सात वेळा प्रयत्न केला, जमला नाही. मग भिंग घेऊन जमला.

एवढंच. बाकी तू ठरव. उत्तर नाही आलं तरी पेरणीच्या वेळी अठरा ग्रॅमची पुडी दर वर्षी येईल.

बियाणेवाल्याचा कागद मी त्याला परत दिला, बिनसहीचा. गेटपाशी थांबून त्यानं आकडा पुन्हा सांगितला, मला ऐकू आला नसेल असं समजून थोडा मोठ्यानं. दोन लाख पंच्याहत्तर हजार. मी नाही म्हणालो.

धाकटा